डार्क चॉकलेट बेतानं खाण्याचे फायदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेष्टनावर 'डार्क' हा शब्द दिसला की पुष्कळ जण निर्धास्त होतात. साधं चॉकलेट खाल्लं तर मनाला टोचणी, डार्क खाल्लं तर जणू औषधच घेतलं. मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न याच समजातून येतात. कोकोच्या बीमध्ये रक्तवाहिन्यांना उपकारक असं काहीतरी खरोखरच आहे, आणि ते मोजलंही गेलं आहे. पण बीपासून वडीपर्यंतच्या प्रवासात त्यातलं किती उरतं, हे 'डार्क' या शब्दावरून कळत नाही. खालची बरीचशी उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

डार्क चॉकलेट म्हणजे नेमकं काय?

कोकोच्या झाडाला फळं थेट खोडावर लागतात. फळ फोडलं की पांढऱ्या, बुळबुळीत गरात बसलेल्या बिया दिसतात. त्या आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, टरफल काढून वाटायच्या. वाटताना उष्णतेनं त्यांचा दाट, काळपट लगदा होतो, कारण बीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग स्निग्धच असतो. या स्निग्ध भागाला कोको बटर म्हणतात आणि उरलेल्या कोरड्या भागाची होते कोको पावडर. लगद्यात साखर आणि थोडं वरचं कोको बटर घातलं की डार्क चॉकलेट झालं. त्यात दुधाची पावडर पडली की मिल्क चॉकलेट. पांढऱ्या चॉकलेटमध्ये नुसतं कोको बटर, साखर आणि दूध असतं. बीचा कोरडा भाग त्यात नसतोच, त्यामुळे इथे ज्या फायद्यांबद्दल बोलतो आहोत ते पांढऱ्या चॉकलेटकडून मिळत नाहीत.

फायदा नक्की कशामुळे होतो?

फ्लॅव्हनॉल नावाच्या संयुगांमुळे. चहा, सफरचंद, द्राक्षं, बेरी यांतही ती असतात, पण कोकोच्या कच्च्या बीमध्ये त्यांचा साठा विशेष मोठा असतो. त्यातलं एपिकॅटेचिन सर्वांत महत्त्वाचं. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यानं वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैलावतात, वाहिनी थोडी रुंदावते, रक्त सहज वाहतं. एपिकॅटेचिन या कामाला हातभार लावतं. कोको घेतल्यानंतर दोनेक तासांत हा फरक दंडातल्या धमनीवर अल्ट्रासाउंडनं मोजता येतो.

या विषयाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं त्यात पनामाच्या किनाऱ्याजवळच्या सान ब्लास बेटांवरच्या कुना लोकांचा मोठा वाटा आहे. हार्वर्डचे डॉक्टर नॉर्मन हॉलनबर्ग यांना १९९०च्या दशकात तिथे एक वेगळी गोष्ट आढळली. माणसं म्हातारी होत होती, पण वयाबरोबर त्यांचा रक्तदाब चढत नव्हता. हीच माणसं शहरात राहायला गेली की मात्र चढायचा. म्हणजे हे केवळ रक्तातून आलेलं वरदान नव्हतं. बेटावर ते दिवसातून अनेकदा कोकोचं पेय पीत. अर्थात ते मासे आणि फळंही अधिक खात आणि त्यांचं जगणंच वेगळं होतं, त्यामुळे सगळं श्रेय कोकोला देता येत नाही. पण धागा तिथून मिळाला, आणि तो ओढत पुढचे सगळे प्रयोग झाले.

एक लक्षात ठेवा : कुना लोक पीत होते ते फारशी प्रक्रिया न झालेल्या बियांचं पेय. दुकानातली चकचकीत वडी म्हणजे ते नव्हे.

रक्तदाब खरंच कमी होतो का?

होतो, पण थोडाच. २०१७ साली वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं ३५ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. फ्लॅव्हनॉलनं समृद्ध कोको पदार्थ घेणाऱ्यांमध्ये वरचा आणि खालचा, दोन्ही रक्तदाब सरासरी १.७६ अंकांनी उतरलेले दिसले. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त होता, त्यांच्यात परिणाम जरा अधिक होता. बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचेच होते.

पावणेदोन अंक म्हणजे नगण्य नव्हे. पण गोळी चालू असेल तर ती चॉकलेटच्या भरवशावर कधीही बंद करू नका. मीठ कमी करणं, रोज चालणं, वजन आटोक्यात ठेवणं यांतल्या एकाचाही परिणाम यापेक्षा मोठा असतो.

मग हृदयविकार टळतो का?

यावर आजवरचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेतला कॉसमॉस. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ६५ वर्षांवरच्या स्त्रिया मिळून २१,४४२ जण. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल असलेल्या कॅप्सूल आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. साधारण साडेतीन वर्षं हे चाललं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून कोको गटात १० टक्क्यांनी कमी होत्या, पण हा फरक योगायोगानंही पडू शकला असता इतपतच होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. हा प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता, जोडप्रश्न होता, म्हणून संशोधकांनीच तो आकडा जपून वापरायला सांगितलं.

आता यातली कळीची गोष्ट : त्या कॅप्सूल होत्या. त्यात ना साखर होती, ना कोको बटर. एवढे फ्लॅव्हनॉल साध्या डार्क चॉकलेटमधून मिळवायचे तर इतकं खावं लागेल की त्यातल्या साखरेनं आणि उष्मांकांनी सगळा लाभ धुऊन जाईल. शिवाय प्रयोगाच्या खर्चात चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचा हात होता. संशोधकांनी हे उघडपणे सांगितलं आहे आणि त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. तरी वाचणाऱ्याला ते ठाऊक असलेलं बरं.

सरकारी संस्था काय म्हणतात?

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१२ मध्ये एक दावा मान्य केला : रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल मिळाले तर रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकायला मदत होते. यासाठी फ्लॅव्हनॉल मुद्दाम जपलेली कोको पावडर अडीच ग्रॅम किंवा तसंच डार्क चॉकलेट १० ग्रॅम पुरतं. इथे 'मुद्दाम जपलेलं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०२३ मध्ये आणखी सावध भूमिका घेतली. किमान ४ टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको पावडरबद्दलच मर्यादित दावा करू दिला, तोही 'पुरावा फारच थोडा आहे' या अटीसह. साध्या कोको पावडरला आणि चॉकलेटला तो लागू नाही.

७० टक्के की ८५ टक्के? आकडा जितका मोठा तितकं चांगलं ना?

अर्धं बरोबर. वेष्टनावरचा टक्का म्हणजे बीपासून आलेल्या सगळ्या भागाचं वजन, म्हणजे कोरडा भाग आणि कोको बटर दोन्ही मिळून. फ्लॅव्हनॉल असतात कोरड्या भागात. त्यामुळे ७० टक्क्यांच्या दोन वड्यांपैकी एकीत कोको बटर जास्त आणि दुसरीत कोरडा भाग जास्त असू शकतो. टक्क्यावरून खात्रीनं एवढंच कळतं की साखरेला किती जागा उरली. ती माहितीही मोलाची आहेच. म्हणूनच मी ७०च्या खाली जाऊ नका असं सांगते.

दुसरी अडचण प्रक्रियेची. आंबवताना आणि भाजताना फ्लॅव्हनॉल घटतात, पण खरा फटका बसतो अल्कलीच्या प्रक्रियेत. कोकोचा आंबटपणा आणि तुरटपणा मारायला, रंग गडद करायला त्यात अल्कली मिसळतात. एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या फान हाउटेन यांनी ही पद्धत रूढ केली. नैसर्गिक कोको पावडरमध्ये ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल सापडले, तर भरपूर अल्कली दिलेल्या पावडरमध्ये अवघे ३.९. जवळजवळ नऊ पटींचा फरक! आणि गंमत अशी की जास्त काळी दिसते ती दुसरीच. गडद रंग हा फायद्याचा पुरावा नाही, उलट काही वेळा तो फायदा धुतला गेल्याची खूण असतो.

म्हणून वेष्टन उलटं करा. घटकांच्या यादीत पहिलं नाव कोको मासचं, म्हणजे वाटलेल्या बियांच्या लगद्याचं असावं, साखरेचं नव्हे. 'अल्कली प्रक्रिया केलेला कोको' असं लिहिलेलं असेल तर वडी चवीसाठी घ्या, फ्लॅव्हनॉलसाठी नको. कोको बटरऐवजी दुसरंच वनस्पती तेल दिसलं तर मी ती वडी परत ठेवते.

दिवसाला किती खावं?

२० ते ३० ग्रॅम. तेही रोजच हवं असं काही नाही.

एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघाच. १०० ग्रॅमच्या वडीला साधारणपणे १० चौकोन असतील तर २० ग्रॅम म्हणजे त्यातले फक्त दोन. पहिल्यांदा मी असं मोजलं तेव्हा मी ज्याला 'एक छोटा तुकडा' म्हणत होते तो ४० ग्रॅमचा निघाला. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये जवळपास ६०० उष्मांक, ४३ ग्रॅम स्निग्धांश आणि २४ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३० ग्रॅमला १८० उष्मांक आणि सात ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं सांगते. त्या हिशेबात हे बसतं, पण दिवसभरातलं दुसरं काही गोड वगळलं तरच. माझं मत इथे ठाम आहे : चॉकलेट दुसऱ्या गोडाच्या जागी यावं, त्याच्या जोडीला नाही.

कधी खावं? उपाशीपोटी?

वेळेनं फायद्यात फरक पडत नाही. जेवणानंतर पोट भरलेलं असतं, त्यामुळे दोन तुकड्यांवर थांबणं सोपं जातं, एवढंच.

मधुमेह असेल तर चालेल का?

२०२४च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराची अनेक वर्षांची नोंद त्यांनी तपासली. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण, क्वचित किंवा कधीच न खाणाऱ्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी दिसलं. मिल्क चॉकलेटमध्ये असा संबंध दिसला नाही, उलट ते जास्त खाणाऱ्यांचं वजन वर्षानुवर्षं वाढत गेलं.

पण हे निरीक्षण आहे. डार्क चॉकलेट आवडणारी माणसं एरवीही जपून खाणारी असू शकतात. शिवाय हा अभ्यास मधुमेह होण्याविषयी आहे. आधीच झालेल्या मधुमेहावरचा तो उपाय नाही. मधुमेह असेल तर ८५ टक्क्यांच्या आसपासच्या वडीचा एखादा चौकोन, तोही दिवसाच्या हिशेबात धरून आणि स्वतःच्या डॉक्टरांना विचारून. 'शुगर फ्री' लिहिलेल्या चॉकलेटमध्ये बहुधा माल्टिटॉलसारखे पर्याय असतात. त्यांनी रक्तातली साखर थोडी तरी वाढते आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

चॉकलेटनं वजन कमी होतं असं वाचलं होतं…

ते वाचलं असेल तर त्याचा उगम कदाचित २०१५ मधल्या एका मुद्दाम रचलेल्या अभ्यासात असेल. जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकारानं जर्मन सहकाऱ्यांबरोबर जेमतेम १५ माणसांवर प्रयोग केला आणि त्यांच्या १८ गोष्टी मोजल्या. इतक्या कमी माणसांत इतक्या गोष्टी मोजल्या की एखादीत तरी फरक दिसतोच. तो निघाला वजनात. बातमी अनेक देशांत छापून आली. मग त्यानं स्वतःच सगळं उघड केलं : आहाराच्या बातम्या किती सहज पसरतात, हेच त्याला दाखवायचं होतं. चॉकलेटनं वजन घटत नाही.

मन प्रसन्न होतं, बुद्धी तल्लख होते, हे कितपत खरं?

आवडीची चव जिभेवर आली की बरं वाटतं, यात शंका नाही. त्यात कोकोमधल्या थिओब्रोमिन या सौम्य उत्तेजकाची आणि थोड्या कॅफीनची भर पडते. नैराश्यावरचा उपचार म्हणून मात्र याकडे पाहू नका. मदत हवी असेल तर ती माणसाकडून आणि डॉक्टरकडून घ्या.

स्मरणशक्तीबद्दलचे निकाल संमिश्र आहेत. कॉसमॉसच्याच एका उपप्रयोगात कोकोच्या कॅप्सूलनं बुद्धीवर काही परिणाम झाला नाही. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका उपप्रयोगात ३,५६२ ज्येष्ठांपैकी ज्यांच्या आहारात मुळात फ्लॅव्हनॉल फारच कमी होते, त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. इतरांना फरक पडला नाही. मला यातून कमतरता भरून निघण्याचा लाभ दिसतो. ती कमतरता फळांनी आणि चहानंही भरते.

आणखी एक आकृती अनेकांनी पाहिली असेल : ज्या देशात चॉकलेट जास्त खपतं, तिथे नोबेल पारितोषिकंही जास्त. २०१२ मध्ये हा आलेख खरोखर एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला होता. श्रीमंत देशांकडे चॉकलेटलाही पैसे असतात आणि प्रयोगशाळांनाही. त्यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही.

त्यात लोह असतं ना? मग रक्त वाढेल?

१०० ग्रॅमला जवळपास १२ मिलिग्रॅम लोह आणि २३० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम हे आकडे भारदस्त दिसतात. पण आपण खाणार २० ग्रॅम. शिवाय कोकोतली पॉलिफेनॉल (फ्लॅव्हनॉल ज्या गटात मोडतात ती संयुगं) वनस्पतिजन्य लोह शरीरात शोषलं जाण्यात अडथळा आणतात. रक्तक्षय असेल तर चॉकलेटवर विसंबू नका, आणि लोहाची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नका. मॅग्नेशियम आणि तांबं मात्र थोड्या प्रमाणातही बऱ्यापैकी मिळतं.

इतकी चरबी असून कोलेस्टेरॉल वाढत नाही?

कोको बटरमधला सुमारे एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्ल असतो. ते संपृक्त असूनही वाईट कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. दुसरा तृतीयांश ओलिइक आम्ल, ऑलिव्ह तेलात असतं तेच. उरलेल्यात पामिटिक आम्ल आहे, आणि ते वाढवतं. म्हणून दोन चौकोनांची धास्ती नको, अख्ख्या वडीची हवी.

शिसं आणि कॅडमियम यांची भीती कितपत खरी?

ही भीती खरी आहे आणि ती लपवून फायदे सांगणं मला पटत नाही. २०२२च्या अखेरीस अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेनं २८ डार्क चॉकलेट तपासली. सगळ्यांत हे दोन्ही धातू सापडले. त्यातली २३ अशी होती की त्यांचा रोज एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम खाल्ला, तर कॅलिफोर्नियानं घालून दिलेली अत्यंत कडक मर्यादा एका तरी धातूच्या बाबतीत ओलांडली जाते.

दोन्ही धातू येतात वेगवेगळ्या वाटांनी. कॅडमियम मातीतून मुळांवाटे बीमध्ये चढतं. लॅटिन अमेरिकेतल्या काही भागांत मातीतच ते जास्त आहे. शिसं मुख्यतः नंतर बसतं, ओल्या चिकट बिया उघड्यावर वाळत असताना धुळीतून. म्हणजे शिसं बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखं आहे, फक्त वाळवण्याची काळजी घ्यायला हवी. दोन्ही धातू बीच्या कोरड्या भागात राहतात. त्यामुळे टक्का वाढला की फ्लॅव्हनॉलबरोबर यांचाही वाटा वाढू शकतो.

अधूनमधून थोडं खाणाऱ्या प्रौढ माणसानं घाबरायचं कारण नाही. रोज खात असाल तर एकाच ब्रँडला चिकटून राहू नका, अदलाबदल करा. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांनी ते रोजचं करू नये. त्यांच्या बाबतीत शिशाचा परिणाम सर्वांत गंभीर असतो.

रात्री खाल्लं तर झोप उडते का?

३० ग्रॅममध्ये सुमारे २४ मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे एक कप कॉफीच्या पावपट. शिवाय थिओब्रोमिन २४० मिलिग्रॅमच्या घरात. तेही सौम्य उत्तेजक आहे. ज्यांची झोप नाजूक आहे त्यांनी दुपारीच खावं.

कोणी टाळावं किंवा विचारून खावं?

ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होतात त्यांनी, कारण कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं. छातीत जळजळ आणि आंबट ढेकरांचा त्रास असणाऱ्यांनी. अर्धशिशी असेल तर आपल्या स्वतःच्या अनुभवाकडे बघा. काहींना चॉकलेटनं दुखणं सुरू होतं, तर काहींना दुखणं सुरू होण्याआधीच चॉकलेटची इच्छा होते आणि दोष मात्र चॉकलेटवर येतो. दुधाची, शेंगदाण्याची किंवा इतर दाण्यांची अ‍ॅलर्जी असेल तर 'डार्क' म्हणजे दूध नाही असं धरून चालू नका. एकाच यंत्रावर सगळे प्रकार बनत असल्यानं त्यात दुधाचा अंश सापडतो, आणि काहींसाठी तेवढाच पुरेसा असतो.

मला ते कडू लागतं. सवय कशी लावू?

चावू नका, विरघळू द्या. कोको बटर शरीराच्या उष्णतेच्या जरा खालीच वितळतं, म्हणून तुकडा जिभेवर ठेवून टाळूला लावला की आधी कडा गोल होतात, मग तो गुळगुळीत होऊन पसरतो. कडवटपणा आधी येतो, त्यामागून किंचित आंबटपणा, मग कधी सुक्या मेव्याची, कधी फळाची चव. शेवटी जीभ थोडी कोरडी, तुरट होते. हा तुरटपणा बऱ्याच अंशी फ्लॅव्हनॉल आणि त्यांच्या साखळ्यांचा असतो. एक चौकोन असा खायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि दुसऱ्यानंतर हात आपोआप थांबतो. सवय लागेपर्यंत ७०ची अट बाजूला ठेवून ५५ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि काही आठवड्यांनी पुढच्या पायरीवर जा. जीभ सरावते. नाहीच आवडलं तर सोडून द्या. फ्लॅव्हनॉल सफरचंदातूनही मिळतात.

वडीवर पांढरा थर आला. बुरशी आहे का?

बहुधा नाही. उष्णतेनं कोको बटर वितळून पृष्ठभागावर येतं आणि पुन्हा गोठतं, त्याचा तो थर. दमटपणानं साखर वर आली तरी असंच होतं. खायला हरकत नाही, फक्त पोत बिघडतो. १६ ते १८ अंश सेल्सियसच्या कोरड्या जागी, घट्ट डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवावंच लागलं तर बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

घरच्या कुत्र्याला एखादा तुकडा दिला तर?

देऊ नका, अजिबात नाही. माणसाचं शरीर थिओब्रोमिन बरंच लवकर निकालात काढतं, कुत्र्याला त्यासाठी खूप जास्त वेळ लागतो. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा दिसू लागतो, त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडतात आणि झटके येतात. ७० टक्क्यांवरच्या चॉकलेटमध्ये ग्रॅमला सुमारे आठ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं. म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला १२-१३ ग्रॅम, जेमतेम सव्वा चौकोन, त्रासदायक ठरू शकतो. त्यानं चुकून खाल्लं तर लक्षणांची वाट पाहू नका. किती खाल्लं आणि किती टक्क्यांचं होतं ते वेष्टनावरून बघा आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा.